किती टाके घालू? पहिल्या स्वेटरचं सामान, मापं आणि गणित

दिवाळी उलटली की माझ्याकडे अर्धवट विणलेले स्वेटर येऊ लागतात. टाके सुबक, कडा सरळ, रंग सुरेख, पण चार वर्षांच्या मुलीसाठी घातलेला स्वेटर तिच्या मोठ्या भावालाही सैल होतो. विणणारीच्या हातात खोट नसते. चूक झालेली असते ती टाके घालण्याआधी, कारण टाक्यांचा आकडा कुणाकडून तरी ऐकलेला असतो.

"चार वर्षांच्या मुलीला किती टाके घालू?" या प्रश्नाला दुसऱ्या कुणाकडेच उत्तर नसतं. तुमची लोकर, तुमची सुई आणि तुमचा हात मिळून तो आकडा ठरतो. तो काढायला गुणाकार-भागाकार पुरतो, फक्त पायऱ्यांचा क्रम मोडायचा नाही.

लेखभर एकच उदाहरण घेते: चार वर्षांच्या मुलीचा बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा स्वेटर. टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं तुम्हाला येतं असं धरलं आहे. माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पद्धत घ्या आणि आकडे तुमचे घाला.

## १. सामान जमवा

- सुयांच्या दोन जोड्या, एक अंगासाठी आणि एक बॉर्डरसाठी. आपल्या उदाहरणात ८ नंबर आणि १० नंबर.
- स्टीलची किंवा लाकडाची पट्टी. विणलेलं कापड हिच्यानेच मोजायचं. टेप फक्त अंगाची मापं घ्यायला, कारण जुना टेप ताणलेला असतो. तुमचा टेप पट्टीला लावून एकदा पाहाच.
- सुया मोजायची भोकांची पट्टी.
- क्रोशाची एक सुई, निसटलेला टाका वर आणायला.
- बोथट टोकाची, मोठ्या नाक्याची सुई, शिवणीसाठी. टोकदार सुईने लोकरीचे पदर फाटतात.
- तीन-चार मोठ्या सेफ्टी पिना, थांबवून ठेवलेले टाके धरायला.
- वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडे, खुणांसाठी. विकतच्या कड्या छान असतात, पण दोऱ्याच्या गाठीने तेच काम होतं.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा, वही, पेन्सिल.

याशिवाय एक गोष्ट घरी करून ठेवा. जाड पुठ्ठ्यात बरोबर १० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद अशी चौकोनी खिडकी कापा. टाके मोजताना तिच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

## २. सुईचा नंबर नीट समजून घ्या

आपल्याकडच्या दुकानांत सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात. त्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ नंबर म्हणजे सुमारे २.७५ मिमी. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी आहे. तिथे ८ नंबर ५ मिमीची आणि १० नंबर ६ मिमीची.

इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना वाचून इथल्या दुकानात "८ नंबर द्या" म्हटलं, की एक मिलिमीटर बारीक सुई हातात येते. स्वेटर आवळतो, आणि लोकरीत खोट आहे असं वाटत राहतं.

सावधान: वहीत नंबरासोबत मिलिमीटर लिहाच. जुन्या सुयांवरचा आकडा पुसला गेला असेल तर भोकांच्या पट्टीतून सुई घालून पाहा. ज्या भोकातून ती सैल न हलता सरळ जाते, तो तिचा आकार.

## ३. लोकर घ्या, पण सगळे गुंडे सोडू नका

लेबलवर चार गोष्टी वाचा: वजन, लांबी मीटरमध्ये, सुचवलेली सुई, आणि शेडच्या शेजारी छापलेला लॉट नंबर. शेड एकच पण लॉट वेगळा असेल तर रंगात किंचित फरक पडतो. तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, अंगणातल्या उन्हात पाठीवर आडवी रेघ होऊन दिसतो.

किती लोकर लागेल हे नमुन्याचा तुकडा विणल्यावरच कळतं, आणि तुकडा विणायला लोकर लागते. यातून वाट अशी: अंदाजाने एक गुंडा जास्त घ्या, सगळे एकाच लॉटचे घ्या, आणि न उघडलेला गुंडा परत घेणार का ते आधी विचारा. मग एकच गुंडा उघडा.

वजनावर सुटी मिळणारी लोकर पहिल्या स्वेटरला टाळा असं मी सांगेन. तिच्यावर लेबल नसतं, त्यामुळे पुन्हा तीच मिळेल याची खात्री नसते.

आपल्याकडे 'लोकर' म्हणून मिळते ती बरीचशी अॅक्रेलिक असते. तिला गरम इस्त्री लावली तर टाके चपटे होऊन कायमचे मरतात. हे लेखाच्या शेवटापर्यंत लक्षात ठेवा.

## ४. नमुन्याचा तुकडा विणा

पहिलटकर गाळतात ती पायरी हीच. दोन संध्याकाळी वाया जातील असं वाटतं. पण न मोजता विणलेला स्वेटर उसवायला लागतो तेव्हा दोन आठवडे जातात.

१. ज्या सुईने अंग विणणार त्याच सुईवर (८ नंबर) ३४ टाके घाला. दहा-बारा टाक्यांचा चिंधीएवढा तुकडा चालणार नाही, कारण कडेचे टाके वेडेवाकडे असतात आणि छोट्या तुकड्यात सगळी कडच असते.

२. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं १५ सेंमी उंचीपर्यंत विणा. स्वेटरला नक्षी असेल तर तुकडा त्याच नक्षीत विणा. जाळीची नक्षी पसरते, पिळाची नक्षी आवळते, त्यामुळे साध्या विणीचा हिशेब त्यांना लागू पडत नाही.

३. रोजच्यासारखंच विणा. तुकडा आहे म्हणून जपून, हळूहळू विणलात तर हात घट्ट होतो, आणि पुढे गप्पा मारत विणताना तो सैल पडतो.

४. टाके बंद करा. स्वेटर जसा धुणार तसाच तुकडा धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सपाट वाळवा. दोरीवर टांगू नका.

सावधान: सुईवर असलेला तुकडा मोजू नका. सुई टाक्यांना ताणून धरते, म्हणून आकडा खोटा येतो.

## ५. तुकडा मोजा

वाळलेला तुकडा कठीण टेबलावर ठेवा. गादीवर नको, मांडीवर तर नकोच. हाताने ओढून सपाट करू नका. कडेचे तीन-तीन टाके सोडून मधल्या भागावर पुठ्ठ्याची खिडकी ठेवा आणि आत दिसणारे इंग्रजी व्ही अक्षरासारखे टाके मोजा. आडव्या रांगेत दिसतात ते टाके, उभ्या रांगेत दिसतात त्या ओळी. तीन वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी काढा.

समजा आले १० सेंमीत २२ टाके आणि २८ ओळी. दहाने भागा:

- १ सेंमीत २.२ टाके
- १ सेंमीत २.८ ओळी

पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांवर उभं आहे. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

अर्धा टाका दिसला तर तोही धरा. २२.५ असताना २२ लिहिलेत, तर पाठ आणि पुढचा भाग मिळून स्वेटर जवळजवळ दीड सेंमी लहान होतो. दोन टाक्यांची चूक तर फार महागात पडते. ६४ सेंमीच्या घेराला २२ च्या हिशेबाने १४१ टाके लागतात. हात २० चा असेल तर तेच १४१ टाके ७०.५ सेंमी भरतात, म्हणजे साडेसहा सेंमी जास्त.

पुस्तकातल्या किंवा इंटरनेटवरच्या नमुन्यात दिलेल्या आकड्याशी जुळवायचं असेल तर सुई बदला. टाके जास्त भरले तर सुई जाड घ्या, म्हणजे आपल्या पद्धतीत नंबर कमी, ८ ऐवजी ७. टाके कमी भरले तर सुई बारीक, ८ ऐवजी ९. मग नवा तुकडा विणा. "मी जरा सैल हाताने विणीन" असं ठरवून उपयोग नाही. दहाव्या ओळीपर्यंत हात आपल्या सवयीवर येतोच.

## ६. मापं घ्या

मूल एका जागी उभं राहत नाही. म्हणून त्याला नीट बसणारा एखादा स्वेटर टेबलावर पसरून मोजणं मला जास्त भरवशाचं वाटतं. तसा स्वेटर नसेल तर अंगावरून मापं घ्या. छातीच्या मापात सैलपणा मिळवा, नाहीतर स्वेटर फ्रॉकवरून जाणारच नाही.

आपल्या उदाहरणातली मापं:

- छाती ५८ सेंमी + सैलपणा ६ सेंमी = घेर ६४ सेंमी
- खांद्यापासून खालपर्यंत लांबी ३८ सेंमी
- मुंढ्याची, म्हणजे हात जाण्याच्या जागेची, खोली १५ सेंमी
- खांद्यापासून खांद्यापर्यंत रुंदी २५ सेंमी
- बॉर्डर ४ सेंमी, मुंढ्याची आणि गळ्याची पट्टी २ सेंमी

तपासा: सगळी मापं सेंटिमीटरमध्येच आहेत ना? टेपच्या एका बाजूला इंच असतात आणि शिवणकामाची सवय असलेल्या बायका नकळत इंचात मोजतात. इंचात घेतलेलं माप २.५४ ने गुणा.

## ७. टाक्यांचं गणित

घेर ६४, म्हणून पाठ ३२ सेंमी.

३२ × २.२ = ७०.४, म्हणजे ७०. शिवणीत दोन्ही कडांचा एक-एक टाका आत जातो, म्हणून + २ = ७२ टाके.

आता हा आकडा बॉर्डरला चालतो का ते बघा. एक सुलट एक उलट बॉर्डरला सम संख्या लागते, म्हणजे ७२ चालेल. दोन सुलट दोन उलट हवी असेल तर चारच्या पटीत दोन जास्त असा आकडा लागतो, ७० किंवा ७४. तो घेतलात तरच बाजूची शिवण घातल्यावर बॉर्डरचा क्रम अखंड राहतो.

नक्षी असेल तर तिचं एक घर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा भाग, किती टाक्यांचं आहे ते बघा. समजा घर ६ टाक्यांचं आहे, शेवटी जुळवणीचा १ टाका आहे आणि शिवणीचे २. मग आकडा ६ च्या पटीत ३ जास्त हवा: ६९ किंवा ७५. लहान मुलांसाठी मी नेहमी मोठा आकडा घेते. सैल स्वेटर पुढच्या थंडीतही अंगात जातो.

टाके घालताना शेपटीचा दोरा, म्हणजे सरकगाठीपलीकडे सोडलेलं लोकरीचं मोकळं टोक, मध्येच संपणं ही ठरलेली फजिती आहे. दोन पदरांनी टाके घालणार असाल तर सुईभोवती लोकरीचे १० वेढे द्या, सोडून लांबी मोजा. १६ सेंमी भरली, तर ७२ टाक्यांना सुमारे ११५ सेंमी, वर ३० सेंमी राखीव. सरकगाठ दीड मीटरवर बांधा.

## ८. ओळींचं गणित

एकूण लांबी ३८, त्यातून मुंढा १५ वजा केला की २३ सेंमी. त्यातली ४ सेंमी बॉर्डर. उरले १९.

१९ × २.८ = ५३.२. वरचा सम आकडा घ्या: ५४ ओळी. सम घेतला की मुंढा सुलट बाजूच्या ओळीवर सुरू होतो.

मुंढा: १५ × २.८ = ४२ ओळी.

बॉर्डर १० नंबरच्या सुईवर असते, तिला वरचा हिशेब लागू नाही. ती पट्टीने ४ सेंमी मोजा, पण किती ओळी झाल्या ते वहीत लिहा, कारण पुढच्या भागाला तेवढ्याच लागतील.

सावधान: पाठ आणि पुढचा भाग पट्टीने जुळवू नका, ओळी मोजून जुळवा. दोन्ही २३ सेंमी दिसले तरी तीन-चार ओळींचा फरक लपून राहतो आणि शिवताना एक बाजू चुरगळते. दर दहा ओळींनी कडेला रंगीत दोरा अडकवा. मग टीव्ही बघताना मोजणी चुकली तरी बिघडत नाही.

## ९. मुंढा आणि गळा

मुंढ्याला २ सेंमीची पट्टी लागणार आहे, म्हणून खांद्याच्या रुंदीतून दोन्हीकडचे २-२ सेंमी काढा: २५ − ४ = २१ सेंमी.

२१ × २.२ = ४६, कडेचे २ मिळवून ४८ टाके. ७२ − ४८ = २४, म्हणजे प्रत्येक बाजूला १२ टाके कमी करायचे.

पाठ अशी विणा: पहिल्या दोन ओळींच्या सुरुवातीला ४-४ टाके बंद करा, उरले ६४. मग प्रत्येक सुलट ओळीत दोन्ही टोकांना एक-एक टाका कमी करा, असं ८ वेळा. उरले ४८. पुढे ४२ ओळी होईपर्यंत सरळ. शेवटी १२ खांदा, २४ गळा, १२ खांदा. खांदे बंद करा, गळ्याचे २४ पिनेवर ठेवा.

टाका कमी करताना ओळीच्या सुरुवातीला एक टाका न विणता उचला, पुढचा विणा आणि उचललेला त्यावरून काढा. ओळीच्या शेवटी दोन टाके एकत्र सुलट विणा. दोन्हीकडे एकच पद्धत वापरली तर एक कड गुळगुळीत आणि दुसरी दातेरी दिसते.

पुढच्या भागात मुंढा आणि गळा एकाच वेळी कमी होतात, आणि इथेच बहुतेकींचा गोंधळ होतो. मुंढा पूर्ण करून मग गळ्याकडे वळलात तर गळा वर सरकतो. म्हणून आधी कागदावर मांडा.

गळ्याचे २४ म्हणजे प्रत्येक बाजूला १२ टाके, आणि ओळी ४२. ४२ ला १२ ने भागलं तर ३.५ येतात. साडेतीन ओळींनी टाका कमी करता येत नाही, म्हणून दोन गती मिसळा: ४ वेळा दर दुसऱ्या ओळीत (८ ओळी) आणि ८ वेळा दर चौथ्या ओळीत (३२ ओळी). बेरीज ४०, दोन ओळी हाताशी.

पहिल्या ओळीत ४ टाके बंद करून मध्यापर्यंत या. सुईवर ३२ राहतील. पलीकडचे ३६ पिनेवर टाका. मग या अर्ध्या भागाचा तक्ता असा:

- ओळ ३, ५, ७, ९: मुंढा आणि गळा दोन्हीकडे एक-एक कमी. शेवटी २४ टाके.
- ओळ ११: फक्त मुंढा. २३.
- ओळ १३: दोन्ही. २१.
- ओळ १५: फक्त मुंढा. २०.
- ओळ १७: दोन्ही. १८. मुंढा इथे संपला.
- ओळ २१, २५, २९, ३३, ३७, ४१: फक्त गळा. शेवटी १२.
- ओळ ४२: उलट, सरळ विणून टाके बंद.

दुसरा अर्धा भाग आरशात दिसावा तसा. लोकर मध्यापासून जोडा. पहिली ओळ नुसती सुलट, मुंढ्याचे ४ टाके दुसऱ्या, म्हणजे उलट ओळीच्या सुरुवातीला बंद करा. तिसऱ्या ओळीपासून तोच तक्ता.

तपासा: प्रत्येक ओळ झाली की तक्त्यावर पेन्सिलीने टिक करा, आणि ९ व्या व १७ व्या ओळीनंतर टाके मोजा. २४ आणि १८ आले नाहीत तर तिथेच थांबा. चार ओळी उसवणं सोपं, चाळीस नाही.

## १०. लोकर पुरेल का?

तुकड्याचं वजन करा. १५ × १५ = २२५ चौरस सेंमीचा तुकडा समजा ७ ग्रॅम भरला. स्वेटरचे दोन चौकोन धरा: ३३ × ३८ × २ = सुमारे २५०० चौरस सेंमी. गळ्या-मुंढ्याची वजाबाकी करू नका, ती पट्ट्यांत खर्च होते.

२५०० ÷ २२५ × ७ = सुमारे ७८ ग्रॅम. शिवण, बॉर्डर आणि काट्याची चूक यांसाठी २० टक्के मिळवा: ९४ ग्रॅम. त्यात तुकड्याचे ७ ग्रॅम. १०१ ग्रॅम.

म्हणजे ५० ग्रॅमचे दोन गुंडे पुरतील न पुरतील असे. तीनच ठेवा. घरातला काटा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो आणि ७ ग्रॅमच्या तुकड्यात अर्धा ग्रॅम म्हणजे पुष्कळ झालं.

## ११. पट्ट्या आणि शेवटची तपासणी

आधी फक्त उजवा खांदा शिवा, म्हणजे गळ्याची पट्टी सरळ सुयांवर विणता येते.

पट्टीसाठी कडेतून सुईने नवे टाके उचलायचे. कडेच्या प्रत्येक ओळीला एक टाका उचलला तर पट्टी लाटेसारखी फुगते, कारण टाक्याची रुंदी ओळीच्या उंचीपेक्षा जास्त असते. प्रमाण तुमच्या दोन आकड्यांतच आहे: २२ ÷ २८ × ४२ = ३३. डाव्या खांद्यापासून खाली ३३, टोकावर १, वर ३३, पाठीचे २४ आणि उजव्या खांद्याच्या शिवणीतून १. एकूण ९२. सुई १० नंबर. सुलट बाजूने पाहता पहिला टाका उलट, दुसरा सुलट असा क्रम ठेवा, म्हणजे टोकाचा ३४ वा टाका आपोआप सुलट येतो. प्रत्येक सुलट ओळीत, तो वर राहील अशा बेताने, टोकाच्या तीन टाक्यांचा एक करा.

सावधान: पट्टी बंद करण्याआधी टाके लांब दोऱ्यावर घ्या आणि डाव्या खांद्याला पिन लावून स्वेटर मुलीच्या डोक्यातून काढून बघा. डोकं अडकलं तर पट्टीच्या दोन ओळी कमी करा आणि जाड सुईने, सैल बंद करा. घट्ट बंद केलेला गळा हे मुलं स्वेटर बघून रडण्याचं पहिलं कारण असतं.

मग डावा खांदा शिवा. मुंढ्याच्या प्रत्येक अर्ध्याला ३६, मिळून ७२ टाके उचलून पट्टी घाला. बाजूच्या शिवणी सगळ्यांत शेवटी, खालून वर, दहा-दहा ओळींच्या रंगीत खुणा समोरासमोर आणत. खुणा शिवण झाल्यावरच काढा.

स्वेटर धुऊन सपाट वाळवा, इस्त्री नको. वाळला की मोजायची पट्टी लावून रुंदी बघा: ३२ सेंमी, फार तर अर्धा सेंमी इकडेतिकडे. तुकडा, लेबल आणि तक्त्याचं पान एका पाकिटात घालून ठेवा. पुढच्या वर्षी मुलीची छाती ६१ झाली की फक्त सहावी पायरी बदलेल, आणि पुढचे आकडे त्याच पानावर नव्याने मांडता येतील.